सामुदायिक पर्माकल्चर बाग दहा गुंठ्यांवरून एक एकरापर्यंत कशी वाढवावी?

प्रश्न: टेकडीपायथा (पुणे)

नमस्कार. पुण्याच्या पश्चिमेला एका टेकडीच्या पायथ्याशी सुमारे एक एकर सार्वजनिक मोकळी जागा आहे. शेजारच्या काही गृहरचना संस्थांतील आम्ही रहिवाशांनी मिळून तिच्यापैकी दहा गुंठ्यांवर पर्माकल्चर पद्धतीची, म्हणजे जंगलाच्या धर्तीवर एकमेकांना पूरक झाडे लावून माती आणि पाणी जागच्या जागी जपणारी, बाग उभी केली आहे. मुळात ही जागा मुरमाड आणि उताराची. वरच्या अंगाला जुन्या बांधकामाचा राडारोडा टाकलेला, खालच्या अंगाला घाणेरी आणि सुबाभूळ माजलेली. आम्ही उताराला आडवे समपातळी चर खोदले, त्यांच्या बांधांवर हादगा, शेवगा आणि गिरीपुष्प लावले, दोन चरांच्या मधल्या पट्ट्यात पेरू, सीताफळ, लिंबू, पपई आणि केळी लावून त्यांच्या सावलीत हळद, अळू आणि सुरण यांना जागा दिली. संस्थांमधला ओला कचरा आणि रस्त्यांवरचा पालापाचोळा तेव्हापासून येथेच जिरतो आहे. जेथे पूर्वी पहारीशिवाय खड्डा होत नसे, तेथे आता पावसाळ्यानंतर हाताने माती उकरता येते, आणि रविवारच्या श्रमदानाला येणाऱ्या प्रत्येकाला तोंडली, घेवडा, शेवग्याच्या शेंगा, अळूची पाने असे काही ना काही घरी नेता येते.

आता उरलेल्या तीस गुंठ्यांचा विचार सुरू आहे. एका कंपनीने रोपे आणि खड्डे यांचा खर्च देण्याची तयारी दाखवली आहे. मात्र संपूर्ण जागेवर येत्या जूनमध्येच लागवड व्हावी, अशी तिची अट आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही, असे आमच्यापैकी बऱ्याच जणांचे मत आहे. मला ही घाई धोक्याची वाटते, कारण आमची एकच कूपनलिका एप्रिलपासून आटत जाते आणि मे महिन्यात श्रमदानाला येणारी माणसेही कमी होतात. परंतु केवळ मला तसे वाटते एवढ्यावर विरोध करणे योग्य नाही. बाग वाढवण्याचा वेग कशावरून ठरवावा, पहिले काम कोणते घ्यावे, आणि जागा वाढल्यावर प्रत्येक कुटुंबाला वेगळा वाफा द्यावा की सर्व काही सामाईकच ठेवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: रानवाट (सातारा)

टेकडीपायथा ताई, आपली शंका रास्त आहे आणि ती आकड्यांनी मांडता येते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. माझी नोकरी मृद्‌संधारणाच्या कामात गेली.

पहिला हिशेब आच्छादनाचा. उघड्या मुरमाड जमिनीवर निदान १० सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळ्याचा थर टिकवायचा असेल, तर एका गुंठ्याला साधारण १० घनमीटर पाला लागतो. तीस गुंठ्यांना ३०० घनमीटर लागेल, आणि हा थर एका पावसाळ्यात कुजून बराच खाली बसत असल्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच तयारी ठेवावी लागेल. आज तुमच्याकडे गोळा होणारा पाला दहा गुंठ्यांना पुरून किती उरतो, ते पाहा. उरलेल्या पाल्यात जेवढे गुंठे झाकले जातील तेवढेच गुंठे दर वर्षी वाढवावेत. माझ्या मते सामुदायिक बागेच्या वाढीचे याहून खरे माप नाही, कारण झाकलेल्या जमिनीला पाणी कमी लागते, तण कमी येते आणि माणसेही कमी लागतात.

दुसरा हिशेब पाण्याचा. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरले, तरी एका एकरावर वर्षभरात जवळजवळ २८ लाख लिटर पाणी पडते. उताराच्या, उघड्या जमिनीवरून त्यातला मोठा भाग वाहून नाल्याला जातो आणि आपण मे महिन्यात टँकरचा भाव विचारत बसतो. म्हणून येत्या जूनपूर्वी संपूर्ण एकरावर करण्याजोगे काम एकच आहे, ते म्हणजे समपातळी चर पूर्ण करणे. तीन बांबू आणि एक ओळंबा घेऊन इंग्रजी ‘ए’च्या आकाराची चौकट बांधली की समपातळीच्या रेषा शाळेतली मुलेसुद्धा आखू शकतात. चर खोदल्यावर त्या तीस गुंठ्यांत या वर्षी रोपे लावू नयेत, हिरवळीचे पीक पेरावे. ते फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास कापून तेथेच पसरले की आच्छादनाचा पहिला हप्ता जागेवरच मिळतो. त्यात थोडी तूर मिसळावी. ती उन्हाळ्यापर्यंत उभी राहून सावली धरते आणि तिची मुळे मुरूम फोडतात.

राडारोड्याच्या भागाकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. सिमेंट आणि चुना मिसळलेल्या मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचे माप, पीएच) चढलेला असतो आणि तशा मातीत लोह व जस्त झाडाला नीट मिळत नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला की ओळखावे. तेथील मातीचा नमुना वेगळा काढून तपासून घ्या. काँक्रीटचे तुकडे वेचून पायवाटा आणि बांधाची खालची बाजू रचायला वापरा. जुन्या इमारतींचा रंग मातीत मिसळलेला असण्याची शक्यता असल्याने तेथे खाण्याचे कंद तर मुळीच लावू नका. त्या पट्ट्यात रोपवाटिका, अवजारांची खोली आणि कंपोस्टचे हौद ठेवावेत.

येथे कोल्हापूरचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांची आठवण होते. ते गणित शिकवत असत. पर्माकल्चर हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाच्या कानावर नव्हता, तेव्हा त्यांनी ‘प्रयोग परिवार’ या नावाने शेतकऱ्यांचे जाळे उभे केले आणि पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह दहा गुंठ्यांत होऊ शकतो, अशी मांडणी केली. पानांनी किती ऊन धरले, यावरून ते शेतीचा हिशेब करत. तुमच्याकडे नेमके दहा गुंठे आहेत. त्यांवर वर्षभर पडणाऱ्या उन्हापैकी किती ऊन अजून उघड्या जमिनीवरच पडते, हे एकदा दुपारी फिरून पाहा. पुष्कळदा नवी जागा घेण्याआधी जुन्या जागेतच वाढीला वाव असतो.

कंपनीशी बोलताना नकार देण्याऐवजी मागणी बदलावी, असे सुचवतो. चर, पावसाचे पाणी साठवणारी टाकी आणि तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी देणाऱ्या एका माणसाचे वेतन यांसाठी निधी मागा. खड्डे आणि रोपे हा सगळ्यात स्वस्त भाग असतो. खरा खर्च रोपे जगवण्याचा असतो.

उत्तर २: कुळागरी (फोंडा, गोवा)

रानवाट यांच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे कुळागर म्हणजे हीच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मधल्या थरात केळी, जायफळ आणि भिरंड (कोकम), खाली अननस, हळद, आले आणि सुरण, आणि या सगळ्यातून झऱ्याचे पाणी खेळवणारा पाट. बाहेरून येणारी मंडळी कुळागर पाहून थक्क होतात आणि घरी जाऊन तशीच दाट लागवड करतात. येथे मला सावध करावेसे वाटते. गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि झरे उन्हाळ्यातही वाहते असतात. म्हणून इतके थर एकावर एक पोसले जातात. तुमच्या पावसात तेवढी झाडे एकमेकांचे पाणी तोडतील. अंतर मोठे ठेवा, वरचा थर विरळ ठेवा, आणि जो हिरवा भाग आज जगला आहे त्याच्या काठाकाठाने पुढे सरका. जुन्या झाडांची सावली, पडलेली पाने आणि मातीतली बुरशी यांचा आधार काठावरच्या रोपाला मिळतो, तो मोकळ्या माळावर एकट्या लावलेल्या रोपाला मिळत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनीही कुळागर वाढवले ते पाटाच्या शेवटच्या टोकापासून दोन-चार पोफळी पुढे, असेच.

उत्तर ३: पावसाळी_शहर (सिअ‍ॅटल)

वाफे वेगळे की सामाईक, या प्रश्नावर येथील एका बागेचा दाखला उपयोगी पडेल. सिअ‍ॅटलच्या बीकन हिल भागात, जेफरसन पार्कच्या पश्चिम उतारावर ‘बीकन फूड फॉरेस्ट’ नावाचे खाद्यवन आहे. २००९ साली पर्माकल्चरच्या एका अभ्यासक्रमात काही विद्यार्थ्यांनी केलेल्या आराखड्यातून त्याची कल्पना निघाली आणि प्रत्यक्ष जमिनीवर काम सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. मधली वर्षे शेजाऱ्यांच्या सभा, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या रहिवाशांपर्यंत निरोप पोहोचवणे आणि शहराच्या निधीतून आराखडा पक्का करून घेणे यांत गेली. ही जागा शहराच्या पाणीपुरवठा विभागाच्या मालकीची आहे. एकूण सात एकरांची कल्पना समोर असतानाही पहिल्या टप्प्यात पावणेदोन एकरच हाती घेतले आणि ते रुळल्यावरच पुढे पाऊल टाकले.

आपल्या चर्चेच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय तोडणीचा आहे. मुख्य खाद्यवनात कुणाचीही मालकी नाही; जो येईल त्याने लागेल तेवढे तोडावे. ‘एकच माणूस सगळी फळे घेऊन गेला तर काय?’ असा प्रश्न सुरुवातीला खूप विचारला गेला. त्यावर तेथील लोकांची भूमिका अशी, की तसे झाले तर अधिक लावण्याची गरज आहे एवढाच त्याचा अर्थ. मी तेथे श्रमदानाला जात असतो. ही उदारता टिकते त्यामागे ठरलेल्या दिवशी न चुकता होणारे श्रमदान, त्या दिवशीचे एकत्र जेवण आणि प्रत्येक झाडाजवळची माहितीची पाटी आहे, असे मला मनापासून वाटते. ज्याला फळ कधी पिकते हे कळते, तो कच्चे तोडत नाही.

आपल्याकडे माझा कल असा राहील: झाडे, कंद आणि वेल सामाईक ठेवावेत. पालेभाज्यांचे थोडे वाफे मात्र ज्यांना रोज सकाळी यायची सवय आहे अशा कुटुंबांना हंगामापुरते द्यावेत, कारण पालेभाजीला रोजचा हात लागतो आणि रविवारच्या श्रमदानावर ती जगत नाही.

उत्तर ४: गच्चीवरून (मुंबई)

दोन कायदेशीर बाबी आराखड्याआधीच पाहून घ्याव्यात.

पहिली, जागेचा करार. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराची सवय आहे. आंबा किंवा फणस लावणाऱ्याला ती परवडत नाही. देखभालीची मुदत निदान फळझाडे हाती येईपर्यंतची लेखी मागा. मुदत मिळाली नाही, तर पपई, केळी, शेवगा, हादगा अशी लवकर देणारी झाडेच वाढवा.

दुसरी, महाराष्ट्राचा १९७५ सालचा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा. पर्माकल्चरमध्ये सुरुवातीला दाट लावलेली आधाराची झाडे पुढे कापून जमिनीवर पसरायची असतात, परंतु शहरात झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून कोणती झाडे कायमची आणि कोणती छाटून-विरळून काढायची, हे लागवडीच्या वेळीच नकाशासह लिहून उद्यान विभागाकडे नोंदवून ठेवावे. एका हंगामात तीस गुंठे भरून टाकले आणि पाच वर्षांनी ती गर्दी विरळ करता आली नाही, तर फळझाडे सावलीत खुरटतील. कंपनीच्या अटीला उत्तर देताना हाही मुद्दा मांडता येईल.

पाल्याविषयी एक भर घालते. घनकचरा नियमांनुसार पालापाचोळा उघड्यावर जाळण्यास मनाई आहे. आसपासच्या संस्थांना तो कोठेतरी द्यावाच लागतो. रीतसर पत्र देऊन तो आपल्याकडे वळवा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी जी बाग उभी केली, तीही स्वयंपाकघरातून रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्यावरच. तेथे जमीन नव्हतीच. कचऱ्यापासूनच माती तयार झाली.

टेकडीपायथा (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रानवाट काका, तुमचा पाल्याचा हिशेब बैठकीत फळ्यावर मांडला आणि चर्चेचा रोखच बदलला. आता ठरले आहे ते असे: जूनपूर्वी संपूर्ण एकरावर चर, तीस गुंठ्यांत हिरवळीचे पीक, आणि जुन्या बागेच्या खालच्या काठाने पाच गुंठ्यांचीच नवी लागवड. बाहेरच्या कुंपणाला करवंद, आणि टेकडीच्या बाजूला मुळात तेथलेच असलेले बहावा, पांगारा आणि काटेसावर. राडारोड्याच्या पट्ट्यात रोपवाटिका होईल. पुढच्या वर्षीची हळद, सुरण आणि गिरीपुष्पाची छाट आमच्याच बागेतून निघावी, हा तिचा उद्देश आहे. घेवड्याचे गावरान बियाणे जमवायलाही सुरुवात केली आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी बियाण्यांचे जे काम केले आहे, ते पाहायला काही सदस्य जाऊ इच्छितात. वाफ्यांविषयी सिअ‍ॅटलच्या दाखल्यावर अजून एकमत नाही, पण झाडे सामाईक राहतील हे सर्वांना मान्य आहे. कंपनीला सुधारित प्रस्ताव पाठवला आहे. तिने तो नाकारला तरी आराखडा हाच राहील.

एक शंका उरते. हिरवळीसाठी ताग पेरावा की धैंचा, आणि बियाणे किती आणावे?

रानवाट (सातारा)

निचऱ्याच्या मुरमाड उतारावर ताग पेरावा. धैंचा पाणथळ आणि क्षारपड जमीन सोसतो, म्हणून राडारोड्याच्या खालच्या बाजूला, जेथे पाणी साचते आणि सामू चढलेला आहे, तेथे तो टाकून पाहा. तागाचे बियाणे एकरी २० ते २५ किलो लागते. तीस गुंठ्यांतून पाच गुंठे नव्या लागवडीला वजा केले, तर १५ किलो पुरेल. पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा येताच, म्हणजे जमीन चिखल न होता पेरण्याजोगी ओलसर होताच, पेरा आणि दीड महिन्याच्या सुमारास, कळ्या दिसू लागताच कापा. उशीर झाला तर खोड लाकडासारखे होते आणि लवकर कुजत नाही. कापलेला ताग गाडू नका, चरांच्या मधल्या पट्ट्यातच पसरून ठेवा.