शाल-नारळ भेटला, काम काही भेटून नाही राहिलं

कोपऱ्यातला_टेबल (यवतमाळ जिल्हा)
नमस्कार मंडळी, मोबाइलवर बोलून टाइप करतो म्हणून चुका सांभाळून घ्या. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, दोन वर्षं झाली तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात लिपिक म्हणून लागलो, दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातून. परीक्षा पास करून लागलो हे आधीच सांगून ठेवतो, कारण ऑफिसात अर्ध्या लोकांना वाटते कोणीतरी मेहरबानी केली.

तर प्रॉब्लेम असा की मला कोणी कामच देत नाही. बडे बाबू माणूस चांगला आहे, त्यांचं एकच, "तू बस ना बापा, कायले त्रास करून घेतो, हजेरी लागली ना." मग दिवसभर बसायचं. वरचा पंखा दर तिसऱ्या फेरीला खट् करतो, हे पूर्ण ऑफिसात फक्त मलाच माहीत आहे. कॉम्प्युटर मागून घेतला, त्यात एनव्हीडीए टाकला (स्क्रीन वाचून दाखवते, फुकट भेटते), तर सगळी पत्रं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. एनव्हीडीए ते असं वाचते की जसं कोणी तोंडात सुपारी धरून इंग्रजी बोलून राहिलं.

३ डिसेंबरला दिव्यांग दिन म्हणून शाल-नारळ दिला. एक लोकल चॅनलवाले आले, त्यांनी मला गेटपासून तीनदा चालवलं अन् म्हणे, "भाऊ, पायरीवर जरा अडखळल्यासारखं करा." ती पायरी मी रोज चढतो! व्हिडिओत मागून बासरी, नाव "नियतीने डोळे हिरावले पण..." मामीचा रडत फोन आला. टेबलावर तुम्ही काय काम करता हे कोणीच नाही विचारलं. बरं, विचारलं असतं तर मी तरी काय सांगितलं असतं म्हणा.

लेखी अर्ज द्यावा का? घरचे म्हणतात नोकरी आहे ना, चूप राय.

बँकेतला_माणूस (वर्धा)
द्या. डोळे झाकून द्या (मीही दृष्टिहीनच आहे, मला हा जोक चालतो).

पण अर्जात "मला काम द्या" एवढंच नका लिहू, नेमकं काय पाहिजे ते लिहा. तुमची गाडी अडली ती कृतिदेववर. त्यात आपण 'भारत' टाइप केलं की कॉम्प्युटरच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी इंग्रजी अक्षरं बसतात, वरून फक्त चेहरा मराठीचा. स्क्रीन रीडर चेहरा पाहत नाही, पोटातलं वाचते. म्हणून मागणी करा की नवीन पत्रं युनिकोडमध्येच (त्यात पोटातही मराठीच अक्षर बसते) टाइप व्हावीत. जुन्यासाठी कन्व्हर्टर आहेत, जोडाक्षरं कुठं कुठं फुटतात पण काम भागते. अन् स्कॅन करून फोटोवानी पीडीएफ पाठवत असतील तर मूळ फाइल मागा.

कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. कलम २० मध्ये सरकारी ऑफिसनं वाजवी सोयी करून द्यायच्या असं स्पष्ट आहे, सॉफ्टवेअर अन् युनिकोड त्यातच बसते. कलम २३ प्रमाणं तक्रार निवारण अधिकारी नेमलेला पाहिजे, तक्रार नोंदली की दोन आठवड्यांत चौकशी, नाही पटली तर जिल्हा समिती. पण आधी बडे बाबूंसोबत बसून चहा प्या, मग अर्ज. अन् आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

रिकामा_पाटील
फुकट पगार भेटून राहिला तरी रडगाणं. आमचे पोट्टे एमपीएससी करू करू म्हातारे झाले राजेहो.

जिनिंगवाली_ताई (अकोट)
पाटील, तो काम मागून राहिला, सुट्टी नाही. नीट वाचत जा.

दादा, मला पोलिओ आहे, एका पायात कॅलिपर. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोबाला आहे. हिशोब भरपूर देतात, सीझनमध्ये तर रात्री नऊ वाजतात, पण ऑफिस वरच्या मजल्यावर अन् बाथरूम खाली. सकाळपासून पाणीच पित नाही मी. मालक दरवर्षी भाषणात मला जिद्दी म्हणतात, खाली एक टेबल टाकून देत नाहीत. वीसच्या वर माणसं आहेत आमच्याकडं, म्हणजे खासगी असलं तरी समान संधी धोरण लेखी ठेवावं लागते ना? बँकवाले भाऊ सांगा.

बँकेतला_माणूस (वर्धा)
हो ताई, कलम २१. खासगीलाही लागू, अन् वीस किंवा जास्त कर्मचारी असले की धोरण आणखी सविस्तर लागते. "धोरणाची कॉपी पाहिजे" असं साधं विचारून पाहा. अन् पाणी प्या, किडनी मालकाची नाही.

तालुका_वार्ताहर
तो व्हिडिओ माझा नाही, पण असे मी सात-आठ बनवले असतील म्हणून गप्प बसवत नाही. खरं सांगतो, बासरी टाकली की व्ह्यूज येतात, अन् आम्हाला व्हिडिओमागं भेटते काय, पेट्रोल! पण जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिनेमातल्या दिव्यांगांच्या चित्रणावर निकाल दिला, 'पीडित', 'ग्रस्त' असले शब्द टाळा, बिचारा नाहीतर सुपरहिरो असे दोनच साचे नका वापरू. वाचून मला माझेच मथळे आठवले. एकात तर मी "अपंगत्वावर मात" लिहिलं होतं अन् त्या बाईची तक्रार फक्त एवढी होती की यष्टीचा कंडक्टर तिच्यासाठी थांबत नाही. ती मी एडिटमध्ये कापली.

भाऊ, मी येऊ का एकदा? कृतिदेववर करू.

कोपऱ्यातला_टेबल
अपडेट. चहा पिलो. बडे बाबूंना मोबाइलवर एक युनिकोड पत्र वाचायला लावून दाखवलं, ते म्हणे "अरे हे तं बोलते!" त्यांना खरंच वाटत होतं की मला कोणीतरी वाचूनच द्यावं लागते. दोन वर्षांत ना त्यांनी विचारलं ना मी दाखवलं, चूक दोघांची. अर्ज दिला तरी, आवक नंबर घेतला. आता आवक नोंदणी एक्सेलमध्ये माझ्याकडं आहे, पहिल्या दिवशी चौदा पत्रं केली, त्यातल्या दोन ठिकाणी तारीख चुकवली अन् बोलणीही खाल्ली. मस्त वाटलं.

वार्ताहर भाऊ, या, पण मी पायरी एकदाच चढीन. अन् सोमवारी नका येऊ, सोमवारी टपाल लय असते.