वीस हात वर असताना सॉक्रेटिसने काय केलं असतं?

तापीकाठचा:
मंडळी एक विचारायचंय. मागच्या आठवड्यात आमच्या भाऊबंदांची बैठक झाली, एका पोरीने जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या बापाला कुठल्याच कार्याचं बोलावणं द्यायचं नाही असं निघालं, मान्य असेल त्याने हात वर करा म्हणे. वीसेक हात वर. मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसलो, हात वर केला नाही पण तोंडही उघडलं नाही. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं, तेव्हापासून डोक्यात सॉक्रेटिस फिरून राहिला. त्याचा तो आतला आवाज म्हणजे आपली मनाची टोचणीच का?

कळणा_भाकर:
नाही भो, टोचणी नंतर लागते. त्याचा डायमोनियन, म्हणजे तोच आतला आवाज, आधी यायचा आणि फक्त 'नको' म्हणायचा, अमुक कर असं कधीच नाही. तुमच्यासारखी बैठक त्यानेही पाहिलीय. इ.स.पू. 406, अर्गिनुसाईची आरमारी लढाई अथेन्स, म्हणजे त्याचं ग्रीक शहर, जिंकलं, पण वादळात बुडणारे खलाशी वाचवता आले नाहीत म्हणून सगळ्या सेनापतींना एकाच मतदानात मारायचं ठरत होतं, कायद्याने खरं तर प्रत्येकाचा वेगळा खटला पाहिजे. त्या दिवशी सभा चालवणाऱ्यांत हा होता. लोकं ओरडून राहिले, बाकीचे घाबरून गप झाले, हा एकटाच नाही म्हणाला. तरी हाती लागलेले सहा मारलेच. मग पस्तावले, पण काय उपयोग.

केळीचा_घड:
त्याला एवढं डोक्यावर घेऊ नका. दोन वर्षांनी तीस जुलमी लोकांचं राज्य आलं, पाच जणांना हुकूम सुटला की सलामिस बेटावरच्या लिऑनला मारायला धरून आणा. चौघं गेले, हा सरळ घरी. त्याचा शिष्य प्लेटोच्या 'अपॉलजी'त, म्हणजे कोर्टातल्या त्याच्या बचावाच्या भाषणात, तो स्वतःच सांगतो, पण लिऑनला सावध केलं असं काही म्हणत नाही. लिऑन मेलाच ना? मग हाही चहाचा कपच झाला.

कळणा_भाकर:
कसा काय? त्याने तोंडावर आलेला हुकूम मोडला, ते राज्य लगेच पडलं नसतं तर त्याचीच मान गेली असती. कपवाल्याला कोणी काही विचारलं तरी का?
बाकी, 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे आपल्याकडे, भाऊबंदांना वाचून दाखवा एकदा.

तापीकाठचा:
कपाचं लागलं मनाला, पण बरोबर आहे. काल गेलो होतो त्या काकांकडे. काकूंनी नेहमीसारखी भाकर ठेचा पुढं केला. जेवताना काकांनी हळूच विचारलं, तू व्हता का रे तठे? हो म्हटलं. मग त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला, बाकी काहीच विचारलं नाही.