घरचा फायरवॉल आणि आयपी पत्त्यांचे घोळ: तुमचे अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं घरी बसून कंपनीचं काम करणारे पुष्कळ झालेत, आणि जुन्या पीसीवर फायरवॉल (घरचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्या मधे बसून ये-जा तपासणारा) बसवणारेही. नुसतं 'नेट गेलं' म्हणून कुणाला काही सांगता येत नाही. फायरवॉलच्या वॅनवर, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला, कोणता पत्ता दिसत होता, त्यावरून कुठं बघितलंत, ते लिहा.

टिळकवाडी
मोडेम १९२.१६८.१.१ वर, आणि पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरच्या लॅनचा (घराकडच्या बाजूचा) मुळातला पत्ताही तोच. वॅनला मोडेमकडून १९२.१६८.१.७ मिळाला. दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क, मग पॅकेट कुठल्या तारेनं पाठवायचं हे फायरवॉलला कळणार कसं? वायफायची खूण भरलेली, पान मात्र एकही उघडेना. मॉनिटर जोडून लॅन १९२.१६८.५०.१ केली, डीएचसीपीची (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीची) रेंजही त्यातच घेतली, लॅपटॉपची केबल काढून परत घातली आणि नेट आलं. प्रिंटरला हातानं दिलेला पत्ता असेल तर तोही बदला, नाहीतर घरचे प्रिंटर बिघडला म्हणून दुरुस्तीला नेतात.

निपाणी
राउटर काढून फायरवॉल लावला तर वॅनवर ०.०.०.०, म्हणजे पत्ता मिळालाच नाही. केबलवाल्याकडं जुन्या राउटरचा मॅक (उपकरणाचा ओळख क्रमांक) नोंदलेला होता. फोन केला, "दादा, बॉक्स बदललाय, मॅक सोडा की." त्यांनी सोडला, मोडेम बंद करून चालू करायला सांगितला, झालं. फोन लागत नसेल तर जुना मॅक फायरवॉलच्या वॅनवर टाकूनही चालतं.

खानापूर
पावसाळ्यात लाईट गेली-आली की मोडेम आणि फायरवॉल एकदमच उठतात. लाईन जुळायच्या आत केबल मोडेम स्वतःच १९२.१६८.१०० मधला पत्ता देऊन टाकतो, आणि फायरवॉल तोच धरून बसतो. पीएफसेन्समध्ये वॅनच्या डीएचसीपी सेटिंगात कुणाकडून पत्ता घ्यायचा नाही ते लिहायची जागा आहे. तिथं १९२.१६८.१००.१ टाकल्यापासून रात्री उठून प्लग काढावा लागलेला नाही. आईला ऑक्सिमीटरचे आकडे डॉक्टरांना पाठवायचे असतात, म्हणून हे फार जिवाचं होतं.

चिकोडी
गोठ्यातला कॅमेरा पुण्याहून बघायचा होता. पोर्ट फॉरवर्डचे (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठराविक उपकरणाकडं वळवायचे) नियम पुन्हा पुन्हा तपासले, सगळे बरोबर. मग वॅन बघितला, १०० नं सुरू होणारा पत्ता! १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांसाठीच राखून ठेवलाय. एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला जातो, म्हणून बाहेरून आलेली हाक आपल्या फायरवॉलपर्यंत पोचतच नाही. आपल्या आशिया-पॅसिफिक भागात आयपीव्ही४ चा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांचा, मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच संपत आला, त्याचा हा परिणाम. नियम कितीही लिहा, उपयोग नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा सार्वजनिक पत्ता) घ्या, किंवा टेलस्केलसारखं आतून बाहेर जोडणारं काही लावा. आम्ही दुसरं केलं. म्हैस व्यायला झाली की भाऊ तिकडून बघून आबांना फोन करतो.

टिळकवाडी
चिकोडीकर, तुमच्या लाईनवर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) मिळतं का? मिळत असेल तर वॅनवर प्रीफिक्स (घरासाठी पत्त्यांचा अख्खा गट) मागून बघा आणि काय येतं ते इथं टाका.