मोठ्या डिस्कवर रेड 5 लावणं आता बंद करा

दादरकर: परवा प्रभादेवीत एका छापखान्याच्या ऑफिसात रात्र काढली. 8 टीबीच्या चार डिस्क, रेड 5 मध्ये, म्हणजे एखादी बिघडली तरी डेटा वाचावा अशा जोडलेल्या. एक गेली, नवीन घातली, रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर परत भरणं, सुरू झालं आणि अर्ध्यावर दुसरी गेली, सगळा डेटा गायब. रेड 5 मध्ये पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायची जादा माहिती, एका डिस्कएवढीच असते, एक गेली तर बाकी तिघींवरून तिचा डेटा हिशोबाने परत काढता येतो, पण त्यासाठी तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात आणि तोवर अजून एक गेली की खेळ खलास. सेकंदाला 150 एमबी धरा, 15 तास होतात, वर ऑफिसचं काम चालू असेल तर दोन दिवसही लागतात. त्यात चारही डिस्क लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकाच दिवशी, एकाच लॉटमधल्या घेतलेल्या, म्हणजे एकीच्या मागोमाग दुसरी जायची भीती जास्त. 1988 मध्ये पॅटरसन, गिब्सन, कॅट्झ यांनी रेडचा पेपर मांडला तेव्हा त्यांच्यासमोरची छोटी डिस्क 100 एमबीची होती हो! आता चार डिस्क असतील तर रेड 6 (दोन डिस्कएवढी पॅरिटी) नाहीतर 10 (डिस्कच्या जोड्या, जोडीतल्या दोन्हींवर तोच डेटा), बास.

ठाणेकर: नाही पटत. रेड 5 मध्ये 24 टीबी वापरायला मिळतात, तुमच्या 6 किंवा 10 मध्ये 16. छोट्या गिऱ्हाइकाला हा फरक खिशातून भरावा लागतो. महिन्याला स्क्रब लावा, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासल्या जातात आणि खराब सेक्टर (डिस्कवरचे न वाचता येणारे तुकडे) आधीच सापडतात, ऐन रिबिल्डमध्ये नाही. दर साडेबारा टीबी वाचल्यावर एक रीड एरर येणारच असं सगळे सांगत फिरतात, पण तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे, चांगल्या डिस्क प्रत्यक्षात त्याहून खूप बऱ्या चालतात.

बोरिवली लोकल: 6 आणि 10 एकाच मापाने मोजू नका पण. 6 मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं, 10 मध्ये एकाच जोडीतल्या दोन गेल्या तर गेलंच. मात्र 10 चं रिबिल्ड म्हणजे जोडीदाराची सरळ कॉपी, बाकीच्यांना ताण नाही, आणि डेटाबेसला लिहायला फास्ट. टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर असेल तर मी डोळे झाकून 10 घेईन.

परळवाला: अहो पण बॅकअप कुठे होता? कोणी फोल्डर डिलीट केलं किंवा रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर रेड तेच इमानदारीत सगळ्या डिस्कवर लिहितं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, तळमजल्यावर पाणी शिरलं की चार काय आणि चाळीस डिस्क काय. एक कॉपी इमारतीबाहेर हवीच.

ठाणेकर: तेच तर म्हणतोय, वाचलेले पैसे बॅकअपमध्ये घाला. आणि दादरकर, पहिली डिस्क गेल्यावर किती दिवसांनी बदलली ते सांगा ना.

दादरकर: अकरा. वॉर्निंगचे मेल रोज जात होते, पण ज्याच्या पत्त्यावर जायचे तो माणूस नोकरी सोडून गेलेला. हे तुमचं मान्य. पण रेड 6 असतं तर त्या अकरा दिवसांत अजून एक डिस्क हाताशी होती. बॅकअप होता, मार्चचा, त्यावरून परवापासून फाइली परत आणतोय.