जोरकस गाडी आणि सोलापूरचं ऊन: तुमचे अनुभव लिहा

सातरस्ता१३:
काल संध्याकाळी आसरा चौकात सिग्नलला शेजारी जुनी होंडा सिटी येऊन थांबली. मागे व्हीटेकचा, म्हणजे होंडाच्या त्या जोरकस इंजिनाचा बिल्ला. मी काच खाली करून नुसता आवाज ऐकत बसलो. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

मामांकडे होती तीच, २००२ ची. १.५ लिटर इंजिन, १०६ बीएचपी ताकद. तुळजापूरचा घाट चढताना मामा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर नेत आणि एका ठिकाणी इंजिनाचा सूरच बदलायचा. मी बारावीला, शेजारच्या सीटवर अनवाणी, कारण मामा गाडीत चपला घालू देत नसत. एका मे महिन्यात मोहोळच्या अलीकडे गाडी तापली. मामांनी घाईने रेडिएटरचं झाकण उघडलं, उकळतं पाणी मनगटावर आलं. व्रण अजून आहे. मग कुणीतरी वरून गार पाणी ओतलं आणि इंजिनाचं हेड वाकलं. काम काही नीट झालं नाही, गाडी विकली. मामा तिच्याबद्दल अजूनही बोलत नाहीत.

तुम्ही अशा गाड्या घेतल्या, सांभाळल्या, विकल्या असतील तर लिहा.

बाळेकर:
वाचून कसंतरी झालं. तापली की एसी बंद, हीटर फुल्ल, बाजूला घेऊन इंजिन बंद. निदान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. आणि बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये कधीच भरू नका, बादलीला पांढरा थर बसतो तोच आतल्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच.

शेंगाचटणी:
फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स, पिवळी. सचिन जाहिरातीत होता म्हणून बाबांनी घेतली, १०० बीएचपी वगैरे त्यांना नंतर कळलं. शहरात ९ चं ॲव्हरेज. आई पेट्रोलचा हिशेब डायरीत लिहायची, पण पंढरपूरला जायचं म्हटलं की पुढच्या सीटवर आधी तीच.
आता गाडी माझ्याकडे आहे. अडचण पार्टची. पुण्यात नाना पेठेत दोनदा हिंडलो, रेडिएटरचा वरचा होज पाईप मिळत नाही. जुना बोटाने दाबला की बारीक भेगा उघडतात. कुणाकडे असेल तर सांगा.

होटगीरोड_वहिनी:
आज नळ आलाय, पाच दिवसांनी. पाणी भरून झालं की लिहिते, माझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे.

भीमाकाठ:
काय सांगलालास बे, पिवळी पॅलिओ! विजापूर रोडला दिसायची ती तुझीच का?

शेंगाचटणी:
हो दादा, तीच.

टर्बोवेडा:
माझी फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ च्या शेवटी बुक केली. १.४ टी-जेट टर्बो इंजिन, १४५ बीएचपी, बनलेली आपल्या रांजणगावात. तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत एवढी ताकद दुसरीकडे नव्हती. पहिल्या दिवशी पहाटे पाचला इंदापूरपर्यंत गेलो, उजनीच्या पाण्यावर उजेड येत होता. तिथे चहा प्यायलो आणि बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा होतो.
नवीन घेणाऱ्यांना हात जोडून सांगतो, टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडी जोरात पळवून आल्यावर लगेच किल्ली फिरवून बंद करू नका. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा, मिनिटभर उभी करून इंजिन नुसतं चालू (आयडलला) ठेवा. टर्बो लाल तापलेला असतो. तेलाचं फिरणं एकदम थांबलं की बेअरिंगपाशी ते जळून कोळसा होतं. आमच्या मेकॅनिक चाचांनी उघडलेला एक टर्बो हातात देऊन दाखवला होता. दांडा हलवला तर खुळखुळ वाजत होता. तेव्हापासून घरी कुणीही वाट बघत असो, मी ते मिनिट थांबतो.

ऊसपट्टा:
रात्री पळवणाऱ्यांनो, गाळपाच्या हंगामात जरा जपून. ऊसाच्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसतो, दिवा नसतो. माझा चुलतभाऊ टेंभुर्णीजवळ असाच गेला. मी रात्री ८० च्या वर नेतच नाही, गाडी कुठलीही असो.

टर्बोवेडा:
वाईट झालं हो. मीही आता फक्त पहाटे, उजाडल्यावर निघतो.

बाळेकर:
ऊसावरून आठवलं. इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून जातं, पण २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाडीच्या रबराला मानवत नाही. पाणीही ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर इंधनाच्या नळ्या आणि सील बघून घ्या.

होटगीरोड_वहिनी:
आले. आमच्या ह्यांनी सेकंडहँड जर्मन हॅच घेतली, ऑटोमॅटिक, सात गिअर, ड्राय क्लच. शोरूमवाला म्हणाला, वहिनी डोळे झाकून घ्या. आठव्या महिन्यात गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत पुढे सरकेना, मागे येईना. पोरं मागच्या सीटवर रडायला लागली. चार लोकांनी ढकलून बाजूला केली, त्यातल्या एका आजोबांनी पोरांना बत्तासे दिले. गिअरबॉक्सचा खर्च ऐकून मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.
त्यानंतर मी स्वतः शिकले. जुनी गाडी बघायला सकाळी जायचं, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत यायचं. डिकीतलं स्टेपनी काढून खालचा पत्रा बघायचा. फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील तर कधीतरी खोललेली आहे. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड दाखवणारा स्कॅनर लावायचा. नणंदेच्या गाडीच्या वेळी मीच गेले होते. चार गाड्या नाकारल्या, पाचवी घेतली. एकदाही दगा दिला नाही.

भीमाकाठ:
वहिनी, पुढच्या महिन्यात मला घ्यायचीय, याल का बघायला? मनापासून विचारतोय.

होटगीरोड_वहिनी:
येते की. फक्त नळाचा दिवस सोडून.

सैफुलचा_धाकटा:
रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घेऊ का? २० हजार म्हणतोय एकजण, ताकद वाढते म्हणे.

टर्बोवेडा:
क्लच आणि टायर तेवढे सोसणार आहेत का ते आधी बघ. इन्शुरन्सला कळवलं नाहीस तर क्लेम अडकतो. कंपनीच्या नोंदीबाहेर बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकालही आहे. त्याच पैशांत चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड घाल. शप्पथ सांगतो, गाडी वेगळीच वाटेल.

कडकभाकरी:
माझी एकच गोष्ट. १५ वर्षं झाली म्हणून पासिंगला नेली. नूतनीकरणाची फी २०२२ पासून ६०० ची ५ हजार झालीय, वर पर्यावरण कर. बायको म्हणाली भरा, आपल्या लग्नाची वरात हिच्यातून आलीय.

सातरस्ता१३:
मामांना सगळं वाचून दाखवलं. टर्बोचं ऐकून म्हणाले, तो पोरगा बरोबर सांगतोय. चार वर्षांत पहिल्यांदा गाडीवर बोलले.

अक्कलकोटरोड:
@शेंगाचटणी, माझी १.६ भंगारात गेली तेव्हा होज काढून ठेवला होता, माळ्यावर पिशवीत आहे. रबर अजून मऊ आहे, आत्ता दाबून बघितलं. क्लिपसकट घेऊन जा, पैसे नकोत.

शेंगाचटणी:
दादा!! उद्याच येऊ का?

अक्कलकोटरोड:
उद्या घरी कुणी नाही. गुरुवारी ये, आणि पिवळी घेऊनच ये, पोराला दाखवायचीय.