विषय: पॉन्टिअ‍ॅकचं हवेवरचं छप्पर

प्रेषक: नोव्हाय

नमस्कार मंडळी,
मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळच्या पॉन्टिअ‍ॅकला एम-५९ महामार्गालगत अ‍ॅमेझॉनचं अजस्र गोदाम आहे ना, तिथे पूर्वी डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं स्टेडियम होतं आणि त्याचं छप्पर नुसत्या हवेवर उभं होतं, असं शेजारी सांगत होते. फिरकी घेत होते की काय? जुन्या मंडळींपैकी कुणी पाहिलंय का?

प्रेषक: ट्रॉय

अहो, फिरकी नाही. सिल्व्हरडोम! थँक्सगिव्हिंगचा सामना बघायला आम्ही कितीदा तरी गेलोय. ८० हजार माणसं बसायची आणि मधे एक खांब नाही. टेफ्लॉनचा लेप दिलेलं फायबरग्लासचं कापड, ते आवळून धरणारे पोलादी दोर, आणि आत सतत हवा भरणारे पंखे. हवा निसटू नये म्हणून फिरते दरवाजे. खेळ संपल्यावर साधी दारं उघडली की मागून असा झोत यायचा की आमची ही एका हाताने पोराला आणि दुसऱ्या हाताने टोपीला धरायची.

लायन्स तिथे १९७५ ते २००१ खेळले. खेळाबद्दल फार विचारू नका. १९९७च्या हंगामात लायन्सचा बॅरी सँडर्स चेंडू घेऊन २,०५३ यार्ड धावला, ते डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं. पण प्लेऑफमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीतला विजय त्या छपराखाली एकच, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसवर ३८-६. बाहेरच्यांनीच तिथे जास्त नाव कमावलं. १९८२चा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना घ्या. थंडीच्या मुलखातला तो पहिलाच. रस्त्यावर बर्फ, त्यात अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष बुश यांचा ताफा. सॅन फ्रान्सिस्को संघाची एक बस अडकून पडली, आणि आत कोण, तर प्रशिक्षक बिल वॉल्श आणि संघाचा मुख्य खेळाडू जो माँटाना! तरी सिनसिनाटीला २६-२१ हरवलंच.

प्रेषक: ऑबर्न हिल्स

काका, झोत जोराचा वाटला तरी आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचितच जास्त असतो. कापड हलकं, त्यामुळे तेवढ्यावर भागतं. ही पद्धत अभियंते डेव्हिड गायगर यांची. १९७०च्या ओसाका प्रदर्शनात अमेरिकेच्या दालनावर त्यांनी ती आधी वापरली होती. स्वस्तात प्रचंड जागा झाकायची तर आजही मला ती पटते. फक्त मिशिगनमध्ये नाही! ओला बर्फ साचला की कापडाला खळगा पडतो, खळग्यात आणखी बर्फ-पाणी जमतं आणि खळगा वाढतच जातो. मार्च १९८५ मध्ये असंच छप्पर बसलं, कापड फाटलं. पिस्टन्स तेव्हा तिथेच बास्केटबॉल खेळायचे, त्यांना उरलेल्या हंगामासाठी डेट्रॉइटच्या जो लुई अरीनात जावं लागलं. २०१० साली मिनिआपोलिसच्या मेट्रोडोम या तशाच छपराच्या स्टेडियमचंही तेच झालं.

मला विशेष कौतुक १९९४च्या विश्वचषकाचं, म्हणजे आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या, सॉकरच्या. फिफाला खरं गवत हवं, आणि छपराखाली ते जगणार कसं? मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी षटकोनी ट्रे केले, दीड हजारांहून जास्त. कॅलिफोर्नियात वाढवलेली हिरवळ ट्रकने आणून पार्किंगमध्ये त्यांच्यावर अंथरली, जोपासली आणि मग एकेक ट्रे आत नेऊन जुळवला. विश्वचषकाचा छपराखालचा पहिला सामना तो, अमेरिका-स्वित्झर्लंड, १-१. गवत टिकलं, खेळाडू मात्र उकाड्याने हैराण, एसी नव्हताच.

प्रेषक: नोव्हाय

बाप रे! मग मोडीत का काढलं?

प्रेषक: ट्रॉय

लायन्स २००२ मध्ये डेट्रॉइटच्या नव्या फोर्ड फील्ड स्टेडियमला गेले आणि वर्षाचं हक्काचं भाडं आटलं. त्यात गावाची तिजोरी रिकामी. २००९ मध्ये लिलाव झाला. ५ कोटी ५७ लाख डॉलर खर्चून बांधलेलं स्टेडियम, १२७ एकर जमिनीसकट, ५ लाख ८३ हजाराला गेलं! माझ्या मते ती विक्री नव्हती, हात झटकणं होतं. २०१३ मध्ये छपराची हवा काढली, मग वाऱ्यापावसात कापडाच्या चिंध्या झाल्या. डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंग लावले तर धूर निघाला आणि वरचं कडं जागच्या जागी! वायरिंगची गडबड होती म्हणे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावले, तेव्हा पडलं.