गिफ्टेड प्रोग्रामच्या टेस्टसाठी मुलांची तयारी करून घ्यावी का?

अबोली
लेक दुसरीत आहे. शाळेचं पत्र आलंय: पुढच्या महिन्यात सगळ्या वर्गाची कॉगॅट (अमेरिकेतल्या शाळांतली विचारक्षमतेची) टेस्ट, आणि त्यावरून गिफ्टेड प्रोग्रामची, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गांची, निवड. 'वेगळी तयारी करून घेऊ नये' असं पत्रात स्पष्ट लिहिलंय. तरी ओळखीतल्या बऱ्याच घरांत सराव कधीच सुरू झालाय, काहींनी क्लासही लावलेत. मी लावणार नाही. का, ते लिहिते.

या टेस्टमध्ये शाळेत शिकवलेला धडा विचारत नाहीत. शब्द, संख्या आणि आकृत्या असे तीन भाग असतात (लहान मुलांना बहुतेक चित्रांतूनच), आणि न पाहिलेलं कोडं समोर आल्यावर मूल काय करतं ते बघतात. समजा चार चौकोन आहेत. वर मोठा पांढरा त्रिकोण, त्याच्या शेजारी लहान काळा त्रिकोण. खाली मोठा पांढरा गोल आणि शेजारची जागा रिकामी. आकृती लहान होते आणि रंग भरतो, या दोन गोष्टी मुलाला एकदम दिसायला हव्यात. ते दिसणं हीच परीक्षा आहे. 'आधी आकार बघ, मग रंग, मग दिशा' असं महिनोन्‌महिने घोकून घेतलं की मूल विचार करत नाही, पाठ केलेली यादी चालवतं. गुण वाढतात, पण मग ते नक्की कशाचे?

शिवाय हे गुण त्याच वयाच्या मुलांशी ताडून दिले जातात. ती कोष्टकं क्लास लावलेल्या मुलांसाठी बनवलेली नाहीत.

कोरा कागद
अबोली, तत्त्व म्हणून सगळं पटतं. पण जागा मोजक्या आहेत त्याचं काय?

न्यूयॉर्कचं बघा. तिथे चार वर्षांच्या मुलांची टेस्ट व्हायची. जिल्ह्यातल्या प्रोग्रामसाठी ९० पर्सेंटाइल आणि शहरभरासाठी खुल्या शाळांना ९७ असा कागदोपत्री नियम होता. प्रत्यक्षात त्या शाळांच्या जागा ९९ वाल्यांतच संपायच्या, आणि त्यांच्यातही सोडत निघायची. अशा ठिकाणी 'तयारी करू नका' हा सल्ला पाळणाऱ्याचंच नुकसान होतं. माझ्या मुलाच्या वाट्याचं नुकसान मी माझ्या तत्त्वासाठी का ओढवून घेऊ?

शाळामास्तर
मी वर्गात बसून या टेस्ट घेतल्या आहेत. तुम्ही दोघंही 'तयारी' म्हणताय, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टेस्ट कशी असते ते मुलाला माहीत असणं ही पहिली. ओलसॅट या अशाच दुसऱ्या टेस्टमध्ये लहान वर्गांना प्रश्न वाचून दाखवतात, आणि तोही एकदाच. हे माहीत नसलेलं मूल खिडकीकडे बघत असतं आणि प्रश्न निघून जातो. उत्तराचा गोल भरताना एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं एक घर सरकतात. अशी हुशार मुलं मी पाहिली आहेत, त्यांचा निकाल बघून वाईट वाटतं. कॉगॅटवाल्यांचे स्वतःचेच सरावाचे नमुने आहेत, ते जरूर करून घ्या.

दुसरी गोष्ट क्लासची. तिथे प्रश्नांचे साचे पाठ करून घेतात. त्याला माझा ठाम विरोध आहे.

अबोली
मास्तर, नमुने मी करून घेईन, त्यात काही गैर नाही.

कोरा कागद, तुम्हीच न्यूयॉर्क काढलंत म्हणून सांगते. सराव फार बोकाळला म्हणून तिथे टेस्टमध्ये नागलिएरी या शब्दांविना घेतल्या जाणाऱ्या टेस्टचे आकृत्यांचे प्रश्न आणले. लगेच त्यांचेही क्लास निघाले. शेवटी २०२१ मध्ये लहानग्यांची ती टेस्टच बंद पडली. सगळ्यांनी तयारी केली की कुणालाच फायदा होत नाही, फक्त मुलांच्या संध्याकाळी जातात.

निरंजना
सगळ्यांची तयारी होते हेच मुळात खरं नाही. ज्यांना परवडतं त्यांची होते.

फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत पूर्वी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच मुलाची चाचणी व्हायची. २००५ पासून दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी सुरू केली, आणि गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक घरांतली कितीतरी मुलं निवडली गेली. मुलं तीच होती, आधी त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. क्लासवाले नेमकं हेच उलटं फिरवतात. तयारी करायचीच तर ती शाळेने वर्गात, सगळ्यांची सारखी करून घ्यावी.

उत्तररात्र
निरंजना +१. मुलांच्या मनाचंही बोला. माझ्या भाचीची तयारी वर्षभर चालली होती. निवड झाली नाही तेव्हा तिने आईला विचारलं, 'म्हणजे मी हुशार नाही का?' सात वर्षांची पोर. तयारीच केली नसती तर हा प्रश्न इतका खोल गेला नसता.

टेस्ट चुकतातही. लुईस टर्मनने १९२१ मध्ये बुद्धिमान मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला. विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांनी लहानपणी त्याची चाचणी दिली, पण ते निवडले गेले नाहीत, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

कोरा कागद
नोबेलवाल्यांची गोष्ट ऐकायला बरी वाटते. माझा मुलगा आज वर्गात बसून कंटाळतोय, त्याचं काय? इतर मुलं बेरजा शिकतात तेव्हा हा भागाकार करून रिकामा असतो, मग खोड्या काढतो आणि शिक्षकांकडून चिठ्ठी येते. त्याला हुशार म्हणवून घ्यायचं नाहीये. त्याला अवघड गणितं हवी आहेत, आणि शाळा म्हणते ती फक्त त्या प्रोग्राममध्येच मिळतील. दरवाजा एकच असेल तर त्यातून आत जायची तयारी मी करून घेणारच.

निरंजना
हे मात्र खरं दुखणं आहे. तुमच्यावर माझा राग नाही, एकच दरवाजा ठेवणाऱ्यांवर आहे. सिंगापूरमध्ये १९८४ पासून तिसरीत परीक्षा घेऊन जेमतेम एक टक्का मुलं निवडायचे. २०२४ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलायचं जाहीर केलं, आता प्रत्येक प्राथमिक शाळेने पुढे असलेल्या मुलांसाठी सोय करायची आहे. तुमच्या मुलाला वर्गातच वेगळी गणितं द्या असं शाळेकडे लेखी मागा. दोन-तीन पालक मिळून गेलात तर अधिक चांगलं.

शाळामास्तर
हे मीही सांगणार होतो. बरेच शिक्षक देतात, पण कुणीतरी मागावं लागतं.

अबोलीताई, टेस्टच्या आदल्या दिवशी लेकीला एवढंच सांगा की काही प्रश्न अवघड असणार, ते सुटले नाहीत तरी चालतं, पुढच्यावर जायचं. वर्गात कायम पहिली येणारी मुलं पहिल्याच अडलेल्या प्रश्नापाशी थिजून बसतात. आणि निकालाचा आकडा तिला सांगू नका, निवड झाली तरीही.

कोरा कागद
आकडा न सांगण्याचं मान्य. शाळेला पत्रही लिहितो. पण उत्तर येईपर्यंत क्लास बंद करणार नाही.

अबोली
पत्र लिहाल तेव्हा मसुदा इथे टाका. माझ्या शाळेलाही तेच पाठवते.